खचणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वर्गातली नव्हे, दिवाणखान्यातली नव्हे, आणि जिच्यासाठी मोठमोठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती तर मुळीच नव्हे. मी सलूनमधली खुर्ची आहे. माझ्यावर बसायला निवडून यावं लागत नाही, केस वाढलेले असले की पुरे.

मला उंच पाठ आहे, डोकं टेकायला वरखाली होणारी उशी आहे, पाय ठेवायला लोखंडी पायरी आहे आणि पोटात तेलाचा पंप आहे. बाजूची दांडी पायाने दाबली की मी वर जाते, दांडी उचलली की खाली येते. कारखान्यातून निघाले तेव्हा तरी असंच ठरलं होतं. आता मात्र दांडीला कोणी शिवलं नाही तरी मी खाली येते. गिऱ्हाईक बसतं, मालक त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतात, कात्री चालू होते आणि मी खचायला लागते. अगदी हळू, चोरासारखी. अर्धे केस कापून होईपर्यंत समोरच्या आरशातली हनुवटी नाहीशी झालेली असते. मालक पायाने दांडी दाबतात आणि मला परत वर नेतात.

मला याची फार लाज वाटते. माणसाला तोलून धरणं एवढं एकच काम मला दिलं होतं, आणि तेच मला धड जमत नाही. पण आज मी जे सांगणार आहे ते माझ्या लाजेपुरतं नाही. एका दुपारी आमच्या दुकानातल्या प्रत्येकाला मान खाली घालावी लागली आणि त्याला निमित्त मी झाले. गंमत अशी, की त्या दुपारी मी खचले नव्हते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून माझा पाया घडवला, पोटात पंप बसवला आणि वर लाल रेक्झिनची गादी ठोकली. मी इथे आले तेव्हा मालकांनी हा गाळा नुकताच घेतला होता. त्याआधी ते दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहत. स्वतःच्या खुर्चीचं त्यांना केवढं अप्रूप! पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी त्यांनी बायकोलाच माझ्यावर बसवलं आणि दांडी दाबत दाबत वर नेलं. "अहो पुरे, छताला डोकं लागेल!" असं ती ओरडली आणि दोघं हसत सुटली. रोज दुकान बंद करताना ते मला कोरड्या फडक्याने पुसायचे. गिऱ्हाईकं म्हणायची, या खुर्चीवर बसलं की राजा झाल्यासारखं वाटतं. मीही तोऱ्यात असायची. खोटं कशाला बोलू?

आमच्या समोरच्या टपरीत एक घड्याळ दुरुस्त करणारे काका बसत. अजूनही बसतात. घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाल्यापासून ते टपरीत कमी आणि आमच्या बाकावर जास्त असतात. ते मालकांना "कात्रीवाले" म्हणतात आणि मालक त्यांना "काटेवाले". अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीत त्यांचं मत असतं आणि ते कधी विचारावं लागत नाही.

मालकांचा मुलगा माझ्या हातांवर आडवी फळी टाकून बसायचा, इतका लहान होता. कात्री कानाजवळ आली की भोकाड पसरायचा. जरा मोठा झाल्यावर त्याने वडिलांचं केस कापायचं मशीन उघडलं आणि परत जोडलं. एक स्क्रू उरला, पण मशीन आधीपेक्षा बरं चालू लागलं. काकांनी तो उरलेला स्क्रू बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि जाहीर केलं, "हा पोरगा इंजिनिअर होणार!" त्या दिवसापासून त्याला गल्लीत कोणी नावाने हाक मारली नाही. शाळेचं दप्तर पाठीवर असतानाच तो 'इंजिनिअर' झाला. पुढे खरोखर व्हावं लागलं.

त्याला सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळाली तेव्हा दुकानात सगळ्यांना चहा पाजला गेला. "सरकारी म्हणजे फी नावाला," काका म्हणाले. फी खरंच फार नव्हती. पण पोरगा नुसती फी खाऊन राहणार होता थोडाच? वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, आणि मधल्या वर्षी वाढलेली फी. कर्ज काढावं लागलं आणि चार वर्षांत ते पाच लाखांच्या आसपास गेलं. मालकांनी बँकेत सही करून आल्यावर हात बराच वेळ धुतले, ते मला आठवतं.

त्याच काळात माझ्या पंपातलं तेल अडवून धरणारं वॉशर झिजलं. दुरुस्तीवाला म्हणाला, हा सुटा भाग आता मिळत नाही, अख्खा पंप बदला. किंमत ऐकून मालकांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. त्या महिन्यात मेसचे पैसे भरायचे होते.

सुट्टीत इंजिनिअर घरी आला आणि त्याने मला उलटं पाडून माझं पोट उघडलं. मित्रांनो, मला फार संकोच वाटला, पण त्याचा हात हलका होता. टायरच्या जुन्या ट्यूबमधून त्याने गोल वॉशर कापलं, बसवलं, तेल भरलं आणि मग एकेकाला माझ्यावर बसवून पाहिलं. धाकटी बहीण बसली, मी जागची हलले नाही. आई बसली, तरी हलले नाही. मग तो स्वतः बसला आणि मी हळूच खचले.

"बाबा, हलक्या माणसाला टिकेल," तो म्हणाला. "पासष्ट किलोच्या वर गेलं की तेल कडेने निसटणार. मी बघा, सत्तरचा आहे, म्हणून नापास!"

मालक हसले. "राहू दे रे. तुला नोकरी लागली की नवी खुर्चीच घेऊ."

"पहिल्या पगारात," त्याने सगळ्यांसमोर वडिलांच्या हातावर टाळी दिली.

मला टाकून देण्याचा बेत माझ्यासमोरच ठरत होता. पण मला राग आला नाही. ज्या घराने माझ्याऐवजी पोराची मेस भरली त्या घरावर रागावणार कसं?

तेव्हापासून मी जड माणसांना खचते आणि हलक्यांना खचत नाही. मालकांनी त्याची सवय करून घेतली. भारदस्त गिऱ्हाईक आलं की ते मला आधीच दोन बोटं जास्त वर नेतात, म्हणजे केस कापेपर्यंत मी बरोबर जागेवर येते. गल्लीला मात्र चेष्टेला विषय मिळाला. नवं लग्न झालेला कोणी बसला आणि मी खचले की काका बाकावरून ओरडत, "मानवलं बरं का लग्न!" कोणाला बढती मिळाली की आधी त्याला माझ्यावर बसवून बघत. खुर्ची खाली गेली म्हणजे माणूस सुखात आहे, असा आमच्या दुकानात नियमच झाला. सगळे हसत आणि मी शरमेने आणखी खाली जात असे.

मग एके दिवशी इंजिनिअरचा फोन आला. कॉलेजात कंपन्या आल्या होत्या आणि त्याची निवड झाली होती.

"सहा लाखांचं पॅकेज!" मालकांनी एका हातात वस्तरा आणि एका हातात फोन धरून सांगितलं. माझ्यावर तेव्हा अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक होतं, त्यानेही टाळ्या वाजवल्या.

आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, "पॅकेज म्हणजे काय हो? पगारच ना?"

सगळे तिला हसले. "वहिनी, मोठ्या कंपनीत पगाराला पॅकेज म्हणतात," काका म्हणाले. "सहा लाख भागिले बारा. महिन्याला पन्नास हजार! काय कात्रीवाले, आता कात्री सोन्याची करा."

भागिले बारा! त्या दिवसापासून मालकांनी तो भागाकार प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवला. मुलाची चौकशी कोणी करो वा न करो, पन्नास हजारांवर गाडी आल्याशिवाय दाढी पुरी होत नसे. बापाचं मन, दुसरं काय? आणि मला तरी कुठे वाईट वाटत होतं? मीही त्या आकड्याने फुगून गेले होते.

पहिला पगार झाला त्या संध्याकाळी त्याने फोन केला. "बाबा, पगाराचं जरा सांगायचं होतं," एवढं तो म्हणाला. पण मालकांनी फोन मोठ्याने ऐकू येईल असा केला आणि दुकानभर फिरवला. "घ्या, बोला आमच्या पन्नास हजारवाल्याशी!" चार जणांनी अभिनंदन केलं. पलीकडून नुसता हसण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बाबा, दर महिन्याला दहा हजार पाठवत जाईन." आणि फोन ठेवला. पगाराचं सांगायचं राहून गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्याची मूठ त्या दिवशी झाकली गेली ती झाकलेलीच राहिली.

त्या दहा हजारांतून मालकांनी भिंतभर नवा आरसा बसवला. कडेने दिव्यांची माळ. आरसा आला तसा दुकानाचा नूर बदलला. त्याच्यासमोर माझी फाटलेली गादी आणि तिच्यावरच्या काळ्या चिकटपट्ट्या अगदी उठून दिसू लागल्या. दिवसभर स्वतःचे उसवलेले टाके बघत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

इंजिनिअर पहिल्यांदा घरी आला तेव्हा माझ्यावर बसला, मी खचले, आणि काका म्हणाले, "पन्नास हजार मानवले!" जाताना त्याने माझ्या गादीवरून हात फिरवला. "पुढच्या वेळी खुर्चीचं नक्की बघू," म्हणाला. नंतर कर्जाचे हप्ते सुरू झाले. त्यानंतर तो आला तेव्हा बाकावर बसला. मालकांनी कात्री उचलली, तर म्हणाला, "आज नको बाबा, तिकडे लांब केसांचीच फॅशन आहे." त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. माझ्या बाजूने जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा. मला वाटलं, दिलेलं वचन पाळता आलं नाही म्हणून त्याला माझं तोंड बघवत नाही. सलूनवाल्याचा मुलगा असून जटा वाढवून फिरतो, हे मालकांनाही खुपायचं. पण कमावत्या मुलाला टोकायचं कसं?

तोवर धाकटीची बारावी झाली. तिला त्याच सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला जागा मिळाली. दुसरीकडे एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरला मिळत होती. तिथली इमारत काचेची होती, वर्गात जायला लिफ्ट होती आणि सगळा खर्च थोरल्याच्या तिप्पट होता.

"काचेचंच घेऊ," मालक म्हणाले. "भाऊ पन्नास कमावतोय. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते खरं. आपलं अंथरूणच आता मोठं झालंय."

"दादाला झेपेल ना पण?" धाकटीने विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय!"

एवढं कर्ज द्यायला बँकेने हा गाळा तारण मागितला. मालक तयार झाले. भावाने जामीनदार म्हणून सही करायची होती, म्हणून त्याला बोलावून घेतलं. गाळा तारण आहे म्हटल्यावर त्याच्या पगाराची बँकेला फारशी फिकीर नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सह्या होणार होत्या. हप्ते थकले तर गाळा जाणार, आणि गाळ्याबरोबर मालकांची उभी हयात जाणार. हे दुकानात सगळ्यांना कळत होतं. पण पन्नास हजार पाठीशी असल्यावर भीती कसली?

तो दुपारी आला. अंगात ढगळ शर्ट, केस खांद्यापर्यंत. काका बाकावर पेपर वाचत होते. आई आणि धाकटी धुतलेले टॉवेल घेऊन आल्या होत्या.

"उद्या बँकेत असा येणार?" मालक म्हणाले. "बस."

"बाबा, राहू द्या ना."

"बस म्हटलं ना. बापाचं दुकान आहे आणि पोरगा बघा!"

तो बसला. मालकांनी कापड बांधलं आणि सवयीने मला दोन बोटं जास्त वर नेलं. कात्री चालू झाली. लांब केसांच्या बटा माझ्या पायरीवर पडू लागल्या. मी खचण्याची वाट पाहिली.

मी खचले नाही.

मालकांनाही ते लगेच जाणवलं. त्यांनी कोपर उचलून कापायला सुरुवात केली, मग टाचा उचलल्या. मी आहे तिथेच. आणि मित्रांनो, माझ्यावर बसलेल्याला सगळं ठाऊक होतं, कारण ते वॉशर त्यानेच कापलं होतं. त्याने दोन्ही हातांनी माझे हात घट्ट धरले आणि पाय पायरीत जोरात रोवले. खुर्चीत बसून खुर्चीला खाली दाबता येत नाही हे त्याला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं असणार. तरी तो दाबत राहिला. इतकी वर्षं मी न खचण्यासाठी तळमळले. त्या दिवशी मात्र मला मनापासून खचावंसं वाटलं. एक बोट, निदान अर्धं. त्याची अब्रू राहिली असती. पण तेलाचा थेंबही हलला नाही.

"वा कात्रीवाले!" काका पेपर खाली ठेवून म्हणाले. "पंप बदललात आणि पत्ता नाही लागू दिलात! पोरगा कमावता झाला की असं असतं."

"पंप तोच आहे," मालक म्हणाले.

कात्री थांबली होती. त्यांनी मुलाच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं आणि शर्टाची कॉलर बाजूला केली. मानेखालची हाडं वर आलेली होती. समोर भिंतभर आरसा, कडेने दिवे. कोणाला तोंड लपवायला जागा नव्हती.

"किती किलोच्या वर निसटतं म्हणाला होतास?" मालकांनी विचारलं.

त्याने माझे हात सोडले.

"पासष्ट," धाकटी हळूच म्हणाली.

मालकांनी कात्री खाली ठेवली. इतक्या दिवसांत जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा विचारलं. "हातात किती येतं रे?"

"बाबा..."

"हातात किती येतं?"

"चौतीस."

"चौतीस कसे येतील?" काका उठून उभे राहिले. "सहा लाख भागिले बारा..."

"काका, पॅकेजला बाराने भागायचं नसतं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता, की तो फळीवर बसायचा तेव्हाचा मला आठवला. "त्यात बोनस धरलेला असतो, तो मिळाला तर वर्षाच्या शेवटी. विमा असतो. कंपनीची बस असते. म्हातारपणासाठी कापतात ते असतं. आम्ही बसतो त्या खुर्चीचं भाडंही धरत असतील. हे सगळं मिळून सहा लाख."

"मी विचारलं होतं," आई म्हणाली. "पॅकेज म्हणजे काय, पगारच ना. तुम्ही सगळे हसलात."

काका खाली बसले.

"त्यातले अकरा बँकेचे," धाकटी म्हणाली. "दहा इकडे. खोलीचं भाडं किती?"

"नऊ."

उरलेली वजाबाकी मोठ्याने कोणी केली नाही. आईने नुसतं विचारलं, "जेवतोस कधी?"

"दुपारी ऑफिसात स्वस्तात मिळतं."

"आणि रात्री?"

त्याने मांडीवर पडलेले केस झटकायला सुरुवात केली. सगळे पडून गेले तरी झटकतच राहिला.

मालक आरशाकडे बघत होते. पुढे होऊन त्यांनी त्याच्या कडेचे दिवे बंद केले. मला कळलं त्यांना काय वाटलं ते. पोराने रात्री जेवायचं सोडलं होतं आणि त्या जेवणातून हा आरसा उजळला होता. माझी फाटकी गादी बघून मला कधी वाटली नसेल एवढी लाज मला त्या आरशाची वाटली, आणि माझीही. आरशानंतर नंबर नव्या खुर्चीचा होता ना.

"दादा, मी तुझ्या पन्नास हजारांवर कॉलेज निवडत होते," धाकटी म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "उद्या बाबा हा गाळा लिहून देणार होते."

"सांगणार होतो गं. उद्या बँकेत जायच्या आधी सांगणारच होतो."

"कधी? सही झाल्यावर?"

तेव्हा मात्र तो फुटला. अर्धे केस कापलेले, अर्धे लोंबणारे, अशा अवतारात तो माझ्या हातावर कपाळ टेकून रडला. "रोज म्हणायचो, आज सांगतो. पण फोन केला की बाबा कोणातरी गिऱ्हाईकाला ऐकवत असायचे. त्यांना खोटं पाडायचं कसं?"

धाकटीने त्याला रडू दिलं. मग तिने टॉवेल दिला आणि विचारलं, "आता खरं सांग. इंजिनिअरिंग केलंस ते चुकलं का?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "शिकलो नसतो तर हे चौतीसही नसते. काम मला आवडतं. आणखी चार वर्षांनी हप्ते संपले की सगळे माझे, आणि पगार वाढेलही थोडा. सरकारी कॉलेजचं कर्ज म्हणून हे तरी निभतंय. चौतिसात अकराचा हप्ता कसाबसा बसतो. काचेच्या कॉलेजचा तेहतीसचा येईल, तो कसा बसेल? शिक्षण नाही चुकलं. ते पन्नास चुकले."

"पन्नास तू कधी म्हणालाच नव्हतास," मालक म्हणाले. "मी म्हणालो. गल्लीभर म्हणत सुटलो."

"भागाकार माझा होता," काका म्हणाले. त्यांच्या भरदार आवाजात मी एवढं बारीक बोलणं कधी ऐकलं नव्हतं. ते उठले आणि टपरीकडे न जाता दारातच घुटमळत राहिले.

मालकांनी माझी दांडी उचलून मला खाली घेतलं आणि उरलेले केस कापायला घेतले. एरवी त्यांचा हात झरझर चालतो. त्या दिवशी त्यांनी फार वेळ लावला. कापून झाल्यावर मानेवरचे बारीक केस ब्रशने न झटकता हाताने झटकले. "दहा हजार यापुढे येता कामा नयेत," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचे कागद बँकेत गेलेच नाहीत. धाकटीने सरकारी कॉलेज घेतलं, इलेक्ट्रिकलचंच. त्यालाही कर्ज काढावं लागलं, पण ते किती, हप्ता किती आणि शिकून बाहेर पडल्यावर साधारण हातात किती येतं, हे तिने आधी शिकून गेलेल्या मुलींना विचारून घेतलं. पॅकेज कोणालाच विचारलं नाही. तिला मोह झाला नाही असं नाही. काचेच्या इमारतीचं चित्र तिने बरेच दिवस फोनमध्ये ठेवलं होतं.

मालकांनी स्वतःला एक शिक्षा लावून घेतली. गिऱ्हाईकाने मुलाची चौकशी केली, की ते आता सांगतात, "हातात चौतीस. त्यातले अकरा बँकेचे." पहिल्यांदा सांगताना त्यांचा वस्तरा थांबला आणि कान लाल झाले. मला वाटलं, आता गल्ली हसणार. पण माझ्यावर बसलेला माणूस म्हणाला, "आमच्या पोरीलाही एवढेच येतात. मी बाहेर साठ सांगतो." त्यानंतर आमच्या दुकानात बऱ्याच मुठी उघडल्या.

माझ्या गादीला मालकांनी नवं रेक्झिन लावलं. पंपाला मात्र हात लावला नाही. पहिल्या सुट्टीत धाकटी हत्यारं घेऊन आली. "बाबा, मी चांगलं वॉशर बसवून देते," म्हणाली. मालकांनी तिला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. "ते पासष्टचंच राहू दे," ते म्हणाले.

परवा इंजिनिअर घरी आला. कोणी न सांगता सरळ येऊन माझ्यावर बसला. मालकांनी कापड बांधलं आणि मला दोन बोटं जास्त वर नेलं. काका बाकावरून उठून उभे राहिले. आई टॉवेलाची घडी अर्धी सोडून बघू लागली. तोंडाकडे कोणीच बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे माझ्या पायाकडे.

मी थोडा वेळ तशीच होते. मग कडेने तेल निसटलं आणि मी खाली गेले. हळू, अगदी हळू, जेमतेम एक बोट.

काकांनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. मालकांनी दांडीला पाय लावला नाही. मी जिथे थांबले तिथेच मला राहू दिलं, आणि स्वतः वाकून केस कापले. मी खचले आणि मला लाज वाटली नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, फाटलं तर शिवा, एवढं मागायला मी बसले होते. पण त्याहून मोठं मागणं मागते. घरातलं कोणी लांबून कमावून आलं, तर त्याला किती मिळतं ते चारचौघांत सांगत सुटू नका, आणि त्यानेही मूठ झाकून बसू नये. जवळ बसा आणि हातात किती येतं, ताटात किती येतं, ते विचारा. तुमचं माणूस हलकं झालं आहे, हे खुर्चीच्या आधी तुम्हाला कळू द्या.